विचारा की! जावळ्या आज्यांवर डॉक्युमेंटरी करायचीय, कुठनं सुरू करू?

मागच्या अंकात मोबाईलवर छोटी डॉक्युमेंटरी करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे त्यातली सहा जुळ्यांबद्दलची, म्हणजे आपल्याकडच्या जावळ्यांबद्दलचीच निघाली. म्हणून ह्या वेळी दुसरा काही विषय घेत नाही. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, कारण त्यातलं बरंचसं बाकीच्यांच्याही कामाचं आहे.

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीए करते. माझी आजी आणि तिची बहीण जावळ्या आहेत. माहेर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, दोघींची लग्नं १९६७ ला एकाच मांडवात झाली, आजीला इकडं कर्नाटकात खानापूर तालुक्यात दिली आणि मावसआजीला पलीकडं महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात. अजून दिसायला सेम, आवाज सेम, फोनवर माझे मामासुद्धा फसतात. आधारवर मात्र आजी १९४९ ची आणि मावसआजी १९५२ ची, त्यावरनं घरात सगळे हसतात. मला १५ मिनिटांची फिल्म करायचीय. माझ्याकडे फोन आहे आणि चुलतभावाचा ट्रायपॉड. सुरुवात कुठनं करू? आणि सीमाप्रश्न घ्यायचा का? घरचे म्हणतात राजकारण नको.

कॉलेजातली आहेस म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या आधार कार्डापाशी अडकले. घरात सगळे ज्याला हसतात ना, तिथंच तुझी फिल्म आहे बघ.

आधी एक सांगते. जुळ्यांवर फिल्म म्हटलं की डोक्यात पहिलं येतं ते सारखेपण. एकसारखी लुगडी नेसवायची, शेजारी शेजारी बसवायचं, ओळखा पाहू कोण कोण. हे फार तर दोन मिनिटं टिकतं. तिसऱ्या मिनिटाला बघणाऱ्याला कळलेलं असतं की दोघी सारख्या दिसतात, मग पुढची १३ मिनिटं तू काय दाखवणार? माझ्या हातून हे झालंय. वडगावात मागावर काम करणारे दोन जावळे भाऊ होते, त्यांच्यावर मी पहिली फिल्म केली. एकाच रंगाचे शर्ट आम्हीच घ्यायला लावले, दोघांना एकाच बाकड्यावर बसवलं आणि जो बोलका त्यालाच विचारत राहिले. दुसरा शेजारी बसून मान हलवत होता आणि मला वाटायचं वा, काय छान, एक बोलतो आणि दुसरा दुजोरा देतो. गल्लीतच पडदा लावून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गर्दी पांगल्यावर तो दुसरा भाऊ माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, ह्यात मी कुठं हाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तो नाहीये, आणि त्याच्या आवाजातलं एक पूर्ण वाक्यसुद्धा माझ्या फुटेजमधे नाही.

म्हणून पहिला नियम, दोघींना आधी वेगवेगळं बसव. वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरी, एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जाणार नाही असं. प्रश्न मात्र तेच आणि त्याच क्रमानं. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा रडली कोण? आईनं कुणाला काय दिलं? पहिल्यांदा वेगळं झोपलात ती रात्र कुठली? उत्तरं जिथं जुळत नाहीत तिथं खूण करून ठेव, एडिटिंगला बसशील तेव्हा तेच जोड कामाला येतात. मग शेवटी, सगळ्यात शेवटी, दोघींना एकत्र बसव आणि तू गप्प रहा. कॅमेरा चालू ठेवून चहा करायला आत जा हवं तर.

आता सीमाप्रश्न. अगं, तू घ्यायचा का नाही हे ठरवायच्या आधीच तो त्या दोघींच्या घरात येऊन बसलाय. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा काढून वाच, त्यात नव्या म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) काय काय जाणार त्याची यादी आहे आणि मुंबई राज्यातनं बेळगाव जिल्हा घेताना त्यात लिहिलंय, चंदगड तालुका सोडून. एवढेच तीन शब्द. त्याच्या आधी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. म्हणजे तुझ्या दोन्ही आज्या जन्मल्या तेव्हा खानापूर, चंदगड आणि त्यांचं माहेर सगळं एका जिल्ह्यात, एका राज्यात. हा कायदा लागू झाला तेव्हा, १ नोव्हेंबर १९५६ ला, त्या असतील सातेक वर्षांच्या, नुकत्या पाटी घेऊन शाळेत जायला लागलेल्या. अकरा वर्षांनी एकाच मांडवातनं निघाल्या आणि एक ह्या राज्यात गेली, एक त्या. त्याच १९६७ साली सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला. हे तू सांगितलंस तर त्यात घोषणा कुठली आली? कुणाला शिव्या नाहीत, कुणाची बाजू नाही, दोन बायका आणि तीन शब्द. घरच्यांना हे असंच समजावून सांग, ऐकतील.

पण ह्यातलं काहीही निवेदनात बडबडून सांगू नकोस, वस्तू दाखव. तुला एक सुचवते. दोघींची आधार कार्डं एका घोंगड्यावर शेजारी शेजारी ठेव (नंबर झाकून, हे विसरू नको). एकीचं नाव कन्नड अक्षरात, दुसरीचं देवनागरीत, आणि एकाच पाळण्यातल्या दोघींच्या जन्मसालात तीन वर्षांचा फरक. त्या पिढीच्या जन्मतारखा अंदाजानंच लागल्यात, कुणी मास्तरांनी टाकलेली, कुणी कार्ड काढताना सांगितलेली. खरी तारीख त्यांना तारखेनं आठवणारच नाही, पावसापाण्यानं आठवेल. गांधीजी गेल्यावर किती दिवसांनी, रोप लावणी चालू होती का सुगी, असं विचार, आणि त्यांना बोटं मोजू दे. ती मोजणारी बोटं जवळनं घे.

आणि ह्या तीन वर्षांचा हिशोब बसमधे लागतो! कर्नाटकात बायकांना फुकट बसप्रवासाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून चालू आहे, त्यामुळं तुझी आजी राज्याच्या हद्दीत साध्या बसनं फुकट फिरते, कंडक्टर तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. महाराष्ट्रात एसटीला ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून, आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. तर मावसआजी खरी पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण कार्डावर १९५२, म्हणजे कागदावर अजून ७५ झालेच नाहीत, म्हणून ती अर्धं तिकीट काढत असणार. विचारून बघ तिला. एकाच वयाच्या दोघी, एकमेकीला भेटायला निघाल्या की एकीच्या हातात शून्याचं तिकीट, दुसरीच्या हातात अर्धं. मी तुझ्या जागी असते तर फिल्मचा सगळा सांगाडा ह्या प्रवासावरच उभा केला असता. नागपंचमीला किंवा असंच एखाद्या दिवशी आजी खानापूरहून निघते, बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर बस बदलते, वेंगुर्ला रोडनं शिनोळीपाशी हद्द लागते (तिथं दुकानांच्या पाट्यांची लिपी कशी बदलते ते खिडकीतनं शूट कर, एकच सलग शॉट, कट नको), आणि पुढं पाटणे फाट्याला नाहीतर चंदगडला मावसआजी वाट बघत उभी. प्रवासाच्या मधे मधे दोघींच्या वेगवेगळ्या मुलाखती पेर. भेटल्यावर त्या काय बोलतात ते तू ठरवायचं नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत, एक दुसरीच्या हातातली पिशवी घेईल आणि चालायला लागतील. घे तेच.

आवाजाचं सांगते, कारण नव्या पोरांची फिल्म चित्रात नाही, आवाजात मार खाते. कॉलर माइक पदराला लावू नकोस, पदर हलला की खरखर येते आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण जात नाही. ब्लाऊजच्या गळ्याच्या आतल्या काठाला मेडिकलच्या चिकटपट्टीनं लाव, आजीला आधी विचारून, आणि लावायचं काम आईला सांग. काकणांचा आवाज येईल. तो येऊ दे, फक्त हात मांडीवर आपटून बोलायची सवय असेल तर मांडीवर एक टॉवेल ठेव. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केलास की तुझ्या बाईकची नाहीतर घराची किल्ली त्या फ्रीजमधे ठेव, म्हणजे जाताना परत चालू करायचं विसरणार नाहीस, नाहीतर दूध नासतं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात शूटिंगला कोण घेणार. मुलाखत संपली की सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड कर, कट लपवायला तो लागतोच. आणि रेडिओ-टीव्हीवर गाणं चालू असेल तर बंद कर, मागं वाजलेलं सिनेमातलं गाणंसुद्धा कॉपीराइटमधे अडकवतं. त्यापेक्षा दोघींना जात्यावरच्या ओव्या येतात का बघ. एक ओळ एकीनं, दुसरी दुसरीनं, दोघी दोन वेगळ्या गावात बसून म्हणतायत, हे नुसतं लिहितानाच माझ्या अंगावर काटा आलाय.

शेवटचं. परीक्षा झाल्यावर करू, पावसाळा गेल्यावर करू असं करू नकोस. स्क्रिप्ट नंतर, ट्रायपॉड नंतर, ह्या रविवारी जा आणि नुसता आवाज तरी रेकॉर्ड करून ये, दोघींचाही.

प्रश्न : मी निपाणी भागात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेत जुळ्यांच्या तीन जोड्या आहेत, एक जोडी तर एकाच वर्गात एकाच बाकावर. त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म करावी असं मनात आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळालीय. आणखी काय लागेल?

सर, मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेच्या आवारात कॅमेरा आणायची परवानगी. मुलांच्या वतीनं ते सही करू शकत नाहीत. प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांचं लेखी संमतीपत्र घ्या, ज्या भाषेत त्यांना वाचता येतं त्या भाषेत, म्हणजे तुमच्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही छापून ठेवा, आणि त्यात फिल्म कुठं कुठं दाखवणार ते स्पष्ट लिहा. युट्यूबवर टाकणार असाल तर युट्यूब हा शब्द त्यात असायलाच हवा. संमती एका मुलाची घेऊन दुसऱ्याची गृहीत धरू नका, जोडीतल्या दोघांनाही वेगवेगळं विचारा आणि एक जरी नको म्हणाला तरी ती जोडी सोडून द्या. मूल आहे म्हणून त्याचं नको हे लाडीगोडीनं हो करून घ्यायचं नसतं.

तीन जोड्या घेऊ नका. दहा मिनिटात सहा मुलं म्हणजे कुणाचीच ओळख होत नाही. एकच जोडी घ्या, ती बाकावरची.

आणि एक विनंती. हुशार कोण, मार्क कुणाला जास्त, हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारू नका, वर्गातल्या मुलांनाही विचारू देऊ नका. जुळ्या मुलांना जन्मल्यापासनं लोक तागडीत घालून बसलेले असतात, ह्याचं वजन किती त्याचं किती, हा आधी चालला का तो. त्या मुलांवर काय गुदरतं ते आपण मोठी माणसं लवकर विसरतो. न्यूयॉर्कमधे १९६० च्या दशकात तर ह्याच्याही पुढं गेले. दत्तक देणाऱ्या एका संस्थेनं जुळी-तिळी मुलं मुद्दाम वेगवेगळ्या घरी दिली, दत्तक घेणाऱ्या आई-बापांना त्याचा पत्ता लागू दिला नाही, आणि संशोधक घरोघर जाऊन त्या मुलांच्या वाढीच्या नोंदी करत राहिले. त्यातले तिळे भाऊ १९८० साली, १९ व्या वर्षी, योगायोगानं एकमेकांना भेटले. त्या अभ्यासाची कागदपत्रं येल विद्यापीठात आहेत, २०६५ पर्यंत बंद. तुम्ही असलं काही करणार नाही हे मला माहीत आहे, पण तुलना म्हणून मुलांकडे बघायला सुरुवात केली की माणूस कुठवर जातो ते कळावं म्हणून सांगितलं. तुमच्या फिल्ममधे त्या दोघांचं बाक असू दे, डबा असू दे, भांडण असू दे. मधली सुट्टी झाली की दोघं एकाच दिशेला पळतात का दोन, एवढं जरी आठवडाभर बघितलंत तरी फिल्म सापडेल तुम्हाला.

प्रश्न : शहापूर, बेळगाव. आमच्या जुळ्या मुलींवर नणंदेचा मुलगा फिल्म करतोय. त्यात त्याला निवेदनात "एकाच बीजाच्या" असं म्हणायचंय. पण दवाखान्यात वारा (प्लासेंटा) दोन होत्या असं सांगितलेलं, म्हणजे त्या एकाच बीजाच्या नाहीत ना? दिसायला तर आरशात बघितल्यासारख्या आहेत.

ताई, वारा दोन म्हणून वेगळ्या बीजाच्या, हा फार पसरलेला समज आहे आणि तो चुकीचा आहे. एकच फलित बीज दुभंगून दोन गर्भ होतात तेव्हा ती एकबीज जुळी. हे दुभंगणं पहिल्या दोन-तीन दिवसात झालं तर दोघांना वेगवेगळी वार तयार होते, आणि एकबीज जुळ्यांत जवळजवळ एक तृतीयांश वेळा असंच होतं. उलट दोन वेगळी बीजं असतील तर वारा दोनच असतात, पण त्या एकमेकीला चिकटून वाढल्या तर बाळंतपणात एकच वाटू शकते. म्हणजे नुसतं वार बघून सांगितलेलं दोन्हीकडनं चुकू शकतं. रक्तगट वेगळा असेल तर एकबीज नाहीत हे नक्की, पण रक्तगट एक आहे म्हणून एकबीज आहेत असं नाही, घरातल्या साध्या भावंडांचाही जुळतोच की. खात्री डीएनए तपासणीनंच होते. ती केली नसेल तर भाच्याला सांगा, ते वाक्य काढून टाक. तुम्ही तुमच्या तोंडानं "आम्हाला वाटतंय एकाच बीजाच्या" म्हणालात तर ते खरं आहे, कारण ते तुमचं वाटणं आहे. निवेदकानं म्हटलं की ती माहिती होते, आणि माहिती तपासूनच द्यायला हवी.

ह्यातच आणखी दोन गोष्टी, कारण अशा फिल्ममधे त्या हमखास चुकतात. एकबीज जुळ्यांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, पोटात असतानाच वेगळे होतात. आणि एकबीज जुळी घराण्यात चालत येत नाहीत, जगात जवळजवळ सगळीकडे साधारण अडीचशे बाळंतपणांत एक असं त्यांचं प्रमाण आहे. घराण्यात येतो तो द्विबीज जुळ्यांचा कल, तोही आईच्या अंगानं. जावळं केळं खाल्लं की जावळी होतात हे आपल्याकडे प्रत्येक बाईनं ऐकलेलं असतं, मलाही सासूबाईंनी हातातनं काढून घेतलेलं. फिल्ममधे ते जरूर घ्या, आजी-पणजीच्या तोंडून, त्यात जीव आहे, फक्त त्याला शास्त्राचा शिक्का मारू नका.

प्रश्न : चिकोडी. माझा मित्र कन्नड, मी मराठी, दोघं मिळून जुळ्या भावांवर फिल्म करतोय. त्यातला एक भाऊ कन्नड मिडियमला शिकला, दुसरा मराठी. निवेदन कुठल्या भाषेत ठेवायचं ह्यावर आमचं अडलंय.

निवेदन ठेवूच नका! दोन भाऊ आहेत, त्यांना बोलता येतंय, मग वरनं तिसरा आवाज कशाला. त्यांना घरात जसे बोलतात तसे बोलू द्या, म्हणजे मधेच कन्नड, मधेच मराठी, एकानं कन्नडमधे विचारलं आणि दुसऱ्यानं मराठीत उत्तर दिलं असं, आपल्या भागात हे काय नवीन आहे का, बाजारात दिवसभर असंच चालतं. खाली सबटायटल दोन्ही भाषांत द्या. मराठी बोललं की कन्नड सबटायटल, कन्नड बोललं की मराठी. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको आणि वाक्य बोलीतलं असेल तर सबटायटलही बोलीतलंच राहू द्या. "करायलाय" ला "करत आहे" केलंत की माणूसच बदलतो.

आणि नावासाठी एक सुचतं. कन्नडमधे जुळ्यांना अवळी-जवळी म्हणतात, हुबळी-धारवाडला अवळी नगर म्हणतात ते त्यावरनंच. आपण इकडं म्हणतो जावळी, जावळं. मराठीतलं जावळं संस्कृत यमलपासनं आलंय, आणि कन्नडमधलं जवळी त्याच्या शेजारी ठेवून म्हणून बघा, एका पाळण्यात ठेवल्यासारखे दोन शब्द आहेत. (पुण्याकडचा प्रेक्षक जावळ म्हटलं की बाळाचे केस समजेल, समजू दे, फिल्म बघून कळेल त्याला.) फिल्मच्या नावात दोन लिप्यांत हे दोन शब्द आले तर तुमचं भांडण तिथंच मिटेल असं वाटतं.

एडिटिंगला मात्र दोघं एकत्र बसा. ज्याला जी भाषा येत नाही तो नेमकी तिथं कात्री चालवतो, मी बघितलंय, वाक्य अर्ध्यात तुटतं आणि त्याला पत्ताही नसतो.

प्रश्न : संकेश्वर. रात्री ट्यूबलाइटमधे घेतलेल्या शॉटमधे पट्ट्या पट्ट्या सरकतायत. फोन खराब आहे का? आणि कार्ड किती जीबीचं घेऊ?

फोन चांगला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा ॲपमधे मॅन्युअल मोड घेऊन २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्ट्या जातील. स्लो मोशन ट्यूबखाली करूच नका, ते दिवसा उन्हात. कार्डाचा हिशोब असा, १०० एमबीपीएसवर शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी. जुळ्यांच्या फिल्ममधे दोघांच्या वेगळ्या मुलाखती म्हणजे फुटेज आपोआप दुप्पट होतं, हे आधीच धरून चला. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आणि फाईलच्या नावात कोण आहे ते त्याच रात्री लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी स्क्रीनवर थोरला का धाकटा ते तुम्हाला ओळखू येणार नाही. मुलाखत सुरू करताना त्यांना स्वतःचं नाव सांगायला लावा, सगळ्यात सोपं.

प्रश्न : सांबऱ्याजवळच्या गावातनं. जुळ्या भावांचं शेत वरनं ड्रोननं दाखवायचंय. मित्राचं ड्रोन एकदम छोटं आहे, अडीचशे ग्रॅमच्या आतलं. चालेल का?

छोटं असलं तरी झोनचा नियम लागतोच. सांबऱ्याला विमानतळ आहे, एअर फोर्सचं ट्रेनिंग आहे, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. ड्रोन नियम २०२१ चे आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर तुमचं शेत लाल, पिवळ्या का हिरव्या झोनमधे येतं ते आधी बघा आणि हिरवं नसेल तर विषय सोडा. दोन भावांच्या मधला बांध दाखवायला वर जायची गरजही नाही. एकाच्या पायापासनं दुसऱ्याच्या पायापर्यंत बांधावरनं चालत शूट करा.

प्रश्न : पुन्हा खानापूरचीच मी, दुसरं पत्र. फिल्म झाली तर दाखवू कुठं? फेस्टिवलला पाठवायला सेन्सॉर लागतं का?

थिएटरात लावायची तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. फेस्टिवलवाले स्वतःच्या कार्यक्रमापुरती सूट घेतात, त्यामुळं पाठवताना तुझ्याकडे ते नसलं तरी चालतं, प्रत्येकाचे नियम वाचून बघ. मुंबईचा मिफ १९९० पासनं आहे, खास डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशन फिल्मचा, दर दोन वर्षांनी होतो. तिरुवनंतपुरमला केरळ सरकारच्या चित्रपट अकादमीचा डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्मचा फेस्टिवल असतो. युट्यूबवर आधी टाकू नकोस, काही फेस्टिवल मग घेत नाहीत.

पण ह्या सगळ्याच्या आधी ती दोघींना दाखव. बाहेर कुणालाही लिंक पाठवायच्या आधी. दोघींच्या माहेरच्या अंगणात, भिंतीवर पांढरी चादर लावून, अंधार पडल्यावर, आणि एडिटिंग पक्कं करायच्या आधी, म्हणजे एखादी म्हणाली हे नको तर ते काढता येईल. तू पडद्याकडे बघू नकोस, बाजूला बसून दोघींच्या तोंडाकडे बघ. एकीनं काय सांगितलं ते दुसरी पहिल्यांदाच ऐकत असेल.

आणि त्या दिवशी मावसआजीला परत चंदगडला सोडायला गाडीची सोय आधीच करून ठेव.